धरलेली जागा

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. कंपनीच्या बसमध्ये सगळे त्यांना रुमालराव म्हणत, आणि त्यांनाही ते चालत असे. या उन्हाळ्यात ते वारले. मोशीला त्यांच्या घरी जाऊन आलो, फोटोसमोर बसलो, पुढे केलेला चहा घेतला. परत येताना लक्षात आलं की एकाच बसने इतकी वर्षं चाकणला गेलो, पण त्यांच्या शेजारी मी एकदाही बसलो नव्हतो. कुणीच बसलं नव्हतं. ती जागा धरलेली असे.

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आपली रीत सर्वांना ठाऊक आहे. हा कायदा कुणी लिहिला नाही, तरी भांडखोर माणूसही तो पाळतो. रुमालराव या कायद्याचे पक्के अनुयायी. बीडकडच्या त्यांच्या गावाच्या फाट्यावर गाडी आली की वडील त्यांना खांद्यावर उभं करत आणि खिडकीतून रुमाल टाकायला लावत. "शाळेत घालायच्या आधी मला ह्या कामाला लावलं," असं ते सांगत.

ते कुठेही जागा धरत. कॅन्टीनमध्ये आपलं ताट आणायच्या आधी शेजारच्या खुर्चीवर रुमाल ठेवत. लग्नाच्या पंगतीत ठेवत, दवाखान्याच्या बाकावर ठेवत. कुणासाठी, असं विचारलं तर म्हणत, "येईल की कुणीतरी दमून." आणि खरोखरच कुणीतरी येई, बसे, जेवे, आणि रुमाल घडी करून त्यांना परत देई. त्यांना पुष्कळ रुमाल लागत. सगळे पांढरे, इस्त्रीचे.

बसमधली जागा मात्र अशी कुणालाही मिळत नसे. त्यांच्या शेजारची, खिडकीची. बस मोशीहून निघताना अर्धी रिकामी असे, पुढच्या थांब्यांवर भरे, चाकणपर्यंत माणसं उभी असत आणि त्या सीटवर रुमाल बसलेला असे. नवीन आलेला एखादा ट्रेनी तिकडे वळला की जुनी माणसं त्याला डोळ्यांनीच थांबवत. एकदा एकाने तक्रार केली. एचआरच्या मॅडमनी रुमालरावांना बोलावून सांगितलं की कंपनीच्या बसमध्ये कुणालाही सीट राखून ठेवता येणार नाही.

"राखून कुठं ठेवलीय मॅडम," ते म्हणाले. "रुमाल वाळत घातलाय."

मॅडमना हसू आलं आणि प्रकरण तिथेच मिटलं. ती जागा कुणासाठी आहे हे त्यांना नंतर कुणीतरी सांगितलं असावं. त्यांनी पुन्हा कधी विषय काढला नाही.

ती जागा त्यांच्या धाकट्या भावाची होती. वडील गेल्यावर रुमालरावांनीच त्याला गावाकडून आणला, शिकवला, आमच्याच कंपनीत चिकटवला, त्याचं लग्न करून दिलं. दोघे एकाच घरात राहत. रुमालराव लवकर उठणारे, ते चालत मागच्या थांब्यावर जाऊन बस पकडत आणि भावासाठी खिडकी धरत. भाऊ घराजवळच्या थांब्यावर चढे. एके दिवशी पहिल्या शिफ्टला बस त्या थांब्यावर आली आणि तो तिथे नव्हता. ड्रायव्हरने थोडा वेळ गाडी थांबवली. मग मागून हॉर्न वाजायला लागले.

बायकोच्या हातून डबा घेऊन तो घरातून निघाला होता. भांडण नव्हतं, आजार नव्हता, कुणाशी वैर नव्हतं. त्याचा फोन काही वेळ वाजला आणि मग बंद झाला. पोलिसांत तक्रार झाली. रुमालरावांनी इंद्रायणीचा काठ पालथा घातला, दवाखाने धुंडाळले, आळंदीत घाटावर बसलेल्या माणसांची तोंडं पाहत महिनोन्महिने फिरले. काही हाती लागलं नाही. तो जिवंत असल्याची खूण नव्हती, नसल्याचीही नव्हती.

आपल्या भाषेत एक अडचण आहे. बाजारात गेलेला माणूसही गेला आणि वारलेला माणूसही गेला. त्यांच्या घरात भावाच्या बाबतीत हा शब्द कुणी वापरायचा नाही, असा दंडक होता. रुमालराव म्हणत, "निघालाय तो." जणू तो वाटेत कुठे तरी आहे, गाडी चुकली आहे, दुसरी मिळेल. पाहुणारावळा चुकून म्हणाला, तुमचा भाऊ गेला त्याला किती वर्षं झाली, तर ते त्याला शांतपणे दुरुस्त करत. "गेला न्हाई. निघालाय."

या एका शब्दावर एका बाईचं आयुष्य अडून राहिलं होतं.

भावाची बायको त्यांच्याच घरी राहत होती. ती चाकणला गाड्यांच्या वायरिंगचे संच बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला लागली होती. तिथल्या स्टोअरकीपरची बायको वारली होती. सरळ माणूस, त्याने हिच्याबद्दल विचारणा केली. कायद्याने जेवढी वर्षं थांबावं लागतं तेवढी उलटून गेली होती. हरवल्याची तक्रार रुमालरावांची होती, म्हणून कोर्टात त्यांनीच उभं राहून सांगायला हवं होतं की भावाची काही खबर नाही, तो हयात नाही असं आम्ही धरतो. तेवढं झालं असतं तर ती मोकळी झाली असती. कोर्टाला न जुमानताही तिला जाता आलं असतं, पण या घरातून असं जायचं नाही, हे तिचं तिनेच ठरवलेलं होतं. तिचे वडील गावाहून आले आणि त्यांनी रुमालरावांपुढे हात जोडले.

"तुमची लेक माझ्या घरी उपाशी हाय का?" रुमालरावांनी विचारलं.

वडील पाण्याचा घोटही न घेता निघून गेले. ती स्वतः कधीच काही बोलली नाही. रुमालरावांच्या पत्नीने, त्यांना आम्ही वहिनी म्हणत असू, मला एकदा दारापर्यंत सोडायला येऊन सांगितलं, "तुम्ही सांगून बघा. पुस्तकं वाचणाऱ्याचं ऐकतात ते." मी सांगून पाहिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, भरलेल्या गाडीत रुमाल टाकून ठेवणं सोपं न्हाई. एकदा उचलला की संपलं, मग ती जागा कुणाचीबी."

मी मास्तर नव्हतो. जर्मन यंत्रांबरोबर येणाऱ्या पुस्तिका मराठीत आणायचं काम कंपनीत माझ्याकडे होतं, आणि बसमध्ये त्यांच्या मागच्या सीटवर मी वाचत बसे, म्हणून मास्तर. याच कामामुळे आम्ही दोघे एकदा जर्मनीला गेलो. रुमालराव कामाला होते त्या प्रेस शॉपसाठी, म्हणजे पत्रा दाबून आकार द्यायच्या विभागासाठी, एक नवं यंत्र घ्यायचं होतं, ते तिथेच चालवून, तपासून घ्यायचं. यंत्र त्यांनी पाहायचं, बोलायचं मी.

कारखाना दक्षिणेकडच्या ओबरश्वाबेन नावाच्या मुलखात होता. कारखाना असून आजूबाजूला खेडी. टेकड्या, कुरणं, मका, सफरचंदाच्या बागा, आणि प्रत्येक गावात एक चर्च. यंत्राचा एक भाग बाहेरून यायचा होता, तो लांबला आणि आमचे दिवस रिकामे गेले. आम्ही उतरलो होतो त्या घरमालकिणीने सांगितलं की इथे बघायला गाई आहेत आणि चर्च आहेत. गाई आवडत नसतील तर चर्च बघा. शरद सरत आलेला होता. सकाळभर धुकं असे आणि धुक्यातून आधी चर्चचं टोक वर येई. फुगीर, वर निमुळतं, आपल्या कांद्यासारखं.

"चाकणच्या मार्केटातून इथं आलो, तर इथंबी कांदाच," रुमालराव म्हणाले. "ह्यांनी देवळावर कामून ठेवलाय? लिलाव करायलेत का?"

तिथले लोकही त्याला कांद्याचा मनोराच म्हणतात, हे सांगितल्यावर त्यांना फार समाधान वाटलं.

बरोक म्हणतात त्या शैलीतली ती चर्च. नुसतं वाचून मला त्यांची कल्पना आली नव्हती. बाहेरून साध्या पांढऱ्या भिंती. दार ढकललं की आत सोनं, गुलाबी खांब, गुबगुबीत देवदूत, आणि छतावर असं आभाळ रंगवलेलं की छत आहे हेच विसरायला व्हावं. रुमालराव टोपी काढून दारातच उभे राहिले. "बाहेरून गोदाम, आतून लग्न," ते म्हणाले. मग आत जाऊन त्यांनी एका खांबावर तळहात ठेवला आणि मला हाक मारली. खांब थंड नव्हता. संगमरवर दिसणारं ते सगळं चुन्यासारखं काहीतरी रंगवून, घोटून केलेलं होतं. मला वाटलं ते थट्टा करतील. ते म्हणाले, "दगड न्हाई म्हणून काय झालं. किती हात फिरला असंल ह्याच्यावर."

तिकडे माणूस भेटला की 'ग्रुस गॉट' म्हणतो. देवाने तुम्हाला नमस्कार करावा, असा काहीसा अर्थ. मी तसं सांगितल्यावर रुमालराव म्हणाले, "देवाला कशाला तरास. आपणच करू की." आणि समोर येणाऱ्या प्रत्येकाला ते "जयभीम" म्हणू लागले. कुणाला काही खटकलं नाही. बेकरीतली बाई तर दुसऱ्याच दिवसापासून त्यांना साधारण तसंच काहीतरी उलट म्हणू लागली.

एका चर्चमध्ये काचेच्या पेटीत एक सांगाडा निजवलेला होता. पूर्ण सांगाडा, सोन्याच्या जरीने आणि रंगीत खड्यांनी मढवलेला, डोक्यावर मुकुट. तिथल्या फलकावर लिहिलं होतं ते मी वाचून सांगितलं: काही शतकांपूर्वी रोमच्या भुयारांतून ही हाडं आणली, कोणाची ते माहीत नव्हतं, इथे आणल्यावर त्यांना एका संताचं नाव दिलं. रुमालराव पेटीजवळ बराच वेळ उभे होते.

"ह्याच्या घरी कुणी कळवलं का?" त्यांनी विचारलं.

फलकावर त्याबद्दल काही नव्हतं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

त्यांनी मला पुढे कधी बोलून दाखवलं नाही, पण त्यांच्या मनात जे हललं ते त्यानंतरच्या रविवारी हललं असं मी समजतो. एका लहानशा गावातलं चर्च. प्रार्थना होऊन लोक पांगले होते आणि एक म्हातारी मेणबत्त्यांच्या वाट्या पुसत होती. चर्चची देखभाल तिच्याकडे होती. रुमालराव एका बाकावर बसले आणि सवयीने त्यांनी शेजारी रुमाल ठेवला. म्हातारी जवळ आली. तिची बोली माझ्या पुस्तकी जर्मनला अर्धीच कळे. ती हळू बोलली. कुणी यायचं आहे का, असं तिने विचारलं. मी एसटीची रीत सांगितली, मग रुमालरावांकडे पाहिलं, आणि त्यांनी मान हलवल्यावर भावाचंही सांगितलं.

म्हातारी त्यांना हाताला धरून भिंतीपाशी घेऊन गेली. तिथे महायुद्धातून परत न आलेल्या गावच्या तरुणांच्या नावांची पाटी होती. पाटीचे दोन भाग होते. एकीकडे लढाईत पडलेले. दुसरीकडे जो शब्द होता त्याला मी मराठीत बेपत्ता म्हणालो. त्या बाजूच्या एका नावावर तिने बोट ठेवलं. तिचा थोरला भाऊ. तो रशियात होता. ती तेव्हा लहान होती.

तिची आई मरेपर्यंत त्याचं ताट मांडत असे, म्हातारीने सांगितलं. कोर्टातून विचारणा झाली होती, तो मेला असं लिहून देता का. आईने दिलं नाही. रुमालराव मान डोलावत ऐकत होते. आपलं माणूस भेटल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. "शाबास त्या माउलीची," ते म्हणाले आणि मला सांगायला लावलं.

मी सांगितलं. म्हातारीने नकारार्थी मान हलवली आणि हातातलं फडकं बाकावर ठेवलं. भावाचं लग्न ठरलेलं होतं, ती म्हणाली. याच गावातली मुलगी. आई तिला सून म्हणायची, रोज घरी बोलवायची, तो येईल म्हणायची. पुढे तिला दुसरी स्थळं आली. आई प्रत्येक वेळी तिच्या घरी जाऊन बसायची आणि रडायची. मुलगी भिडस्त होती. तिने लग्न केलं नाही. या चर्चमधली फुलं आयुष्यभर तीच लावायची, त्या समोरच्या वेदीवर. काही वर्षांपूर्वी ती वारली.

मग म्हातारी जे बोलली ते मी शब्दाला शब्द लावून मराठीत सांगितलं, कारण बदलून सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं: "माझी आई चांगली बाई होती. माझा भाऊ पाटीवर आहे. ती मुलगी कुठेच नाही."

रुमालरावांनी पाटी पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिली. त्यांना ती लिपी नीट वाचता येत नव्हती, तरी ते एकेका नावावरून नजर नेत होते.

"तिचं नाव काय व्हतं, इचारा," ते म्हणाले.

म्हातारीने सांगितलं. ते त्यांना उच्चारता आलं नाही. त्यांनी दोनतीनदा प्रयत्न केला, म्हातारीने सुधारून दिलं, आणि बरोबर आलं तेव्हा ती रडायला लागली. निघताना त्यांनी बाकावरचा रुमाल तिला दिला.

परतीच्या वाटेवर धुकं पुन्हा उतरलं होतं आणि मागे वळून पाहिलं तर चर्च दिसत नव्हतं. ते फक्त एकदा बोलले, भावाच्या बायकोबद्दल. "मास्तर, आपल्या पोरीनं मला कधी काही मागितलं न्हाई. मला वाटायचं, तिलाबी तसंच वाटतंय."

घरी पोहोचले त्या दिवशीचं मला वहिनींनी सांगितलं. बॅग दारातच होती. धाकटी, म्हणजे भावाची बायको, शिफ्टहून येऊन पोळ्या लाटत होती. ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले, कधी बसत नसत, आणि म्हणाले, "पोरी, तो गेला. मी धरून बसलो व्हतो. उद्या वकिलाकडं जाऊ."

तिने लाटणं खाली ठेवलं नाही. राहिलेल्या पोळ्या केल्या, सगळ्यांना वाढलं, आणि आपण न जेवता झोपली. दुसऱ्या दिवशी वहिनींनी हळूच त्या स्टोअरकीपरचा विषय काढला. त्याला निरोप पाठवू का, म्हणाल्या.

"त्यांचं लगीन झालं की," ती म्हणाली. "गेल्या वर्षी. मी जेवून आले."

हे रुमालरावांच्या कानावर गेलं. तरीही कोर्टाचं काम त्यांनी पुरं केलं, हेलपाटे घातले, सांगायचं ते जजसमोर उभं राहून सांगितलं. बसमध्ये त्यांच्या शेजारी आता कुणीही बसू लागलं. त्यांनी कधी खिडकीकडे पाहिलं नाही. रुमालावरून लोक चिडवत असत, ते थांबले, आणि आपण चिडवत होतो तेव्हा या माणसाचं बरं चाललं होतं, असं काहींना वाटलं असेल. ते खंगत गेले ते तेव्हापासून. धाकटीने पुढे चाकणला कारखान्याजवळ खोली घेतली. कुणी काढलं नव्हतं, भांडणही नव्हतं. सणावाराला ती येई, वहिनींना हात लावू न देता सगळं करी, आणि उजेड असताना परत जाई.

ती चाकणला राहायला जाण्याआधी भावाचं पुण्यानुमोदन, म्हणजे गेलेल्या माणसासाठीचा बौद्ध विधी, केलं. त्याच्या फोटोला मोठी फ्रेम हवी होती. फ्रेमवाला घरीच आला होता, कारण फोटो एकच होता, लग्नातला, आणि तो रुमालराव कुणाकडे सोडायला तयार नव्हते. मी तिथे होतो. फ्रेमवाल्याने नाव लिहून घेतलं, जन्मसाल लिहून घेतलं, आणि विचारलं, "मृत्यूची तारीख?"

घरात तोपर्यंत हा प्रश्न कुणी विचारलेला नव्हता.

"आजची टाका," रुमालराव म्हणाले. "कालपतोर मी त्याला मरू दिलं न्हाई."

फ्रेमवाल्याने माझ्याकडे पाहिलं. धाकटी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती तिथेच थांबली.

"आजची न्हाई, दादा," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "निघाला त्या दिवसाची टाका. तवापासून मी एकटी हाय. ते कुठंतरी लिवलं पायजे."

ते म्हणाले, "बरूबर हाय तुझं," आणि फ्रेमवाल्याला तारीख सांगितली. दिवस, महिना, वर्ष. त्यासाठी त्यांना आठवावं लागलं नाही.

फ्रेमवाला लिहिता लिहिता थांबला. त्याने मान वर केली आणि विचारलं, "एवढं जुनं?"

"हाव," ती म्हणाली. "एवढं जुनं."